टीव्ही लावला की वर्ग शांत होतो, पण गणित येत नाही

पत्र

मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. दोन्ही वर्ग मिळून ३१ लेकरं, बहुतेक वेळा एकाच खोलीत. गावानं लोकवर्गणी करून स्मार्ट टीव्ही दिलाय, दोन टॅब आहेत, एक जुना लॅपटॉप आहे. दीक्षा या सरकारी पोर्टलवरचे व्हिडिओ रोज लावते. टीव्ही लावला की वर्ग एकदम शांत होतो, पण चाचणी घेतली की पहिले पाढे पंचावन्न. सात-आठ लेकरं बंजारा तांड्यावरची आहेत, घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात. एका मुलीला फार कमी दिसतं, चष्मा लावूनही फळा वाचता येत नाही. एक मुलगा तोंडी हिशोब माझ्याआधी करतो, पण वहीत लिहायला सांगितलं की पान कोरं. दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापासोबत ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातो, थोडी लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात. केंद्रप्रमुख म्हणतात, साधनं दिलीत तर वापरा. वापरतेच आहे. या सगळ्यांना चालेल असं एखादं चांगलं अ‍ॅप सांगाल का?

— एक शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर

ताई, या सगळ्यांना चालेल असं एक अ‍ॅप मला माहीत नाही, आणि तुम्हाला त्याची गरज आहे असंही वाटत नाही. तुमच्या वर्गात चार वेगवेगळ्या अडचणी आहेत. एकीला फळ्यावरचं दिसत नाही, एकाला लिहिता येत नाही, काहींना पुस्तकातली भाषा परकी आहे आणि निम्म्यांना पाच महिने शाळाच नाही. या चौघांवर एकच व्हिडिओ लावला तर तो चौघांच्याही डोक्यावरून जाणार.

आधी त्या शांततेबद्दल बोलू. गणिताचा तास चिडीचूप असेल तर खोलीत कुणीतरी एकटंच गणित करतंय असा अर्थ आहे, आणि तुमच्याकडे ते टीव्हीतले सर करताहेत. लेकरं बघतात, पटतं त्यांना, मान डोलावतात. दुसऱ्यानं सोडवलेलं गणित बघताना सगळ्यांनाच ते सोपं वाटतं.

तेव्हा टीव्ही ठेवा, पण त्याच्याआधी लेकरांना उत्तराचा अंदाज करायला लावा. विजेचा धडा घेऊन सांगते. दोन सेल, टॉर्चचे दोन सारखे बल्ब आणि वायर एवढं सामान आणा. एलईडी आणू नका, एका सेलवर तो पेटत नाही आणि उलटा जोडला तर मुळीच पेटत नाही, मग तास त्यातच जातो. दोन बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकाच तारेवर एकामागे एक, लावायचे. लावण्याआधी विचारा: कुठला जास्त पेटेल? बोटं छातीशी धरून दाखवायची, पहिला असेल तर एक, दुसरा असेल तर दोन, सारखेच असतील तर तीन. छातीशी अशासाठी की शेजारच्याचं बघून बोट बदलता येऊ नये. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त लेकरं एक बोट दाखवतात. ‘मॅडम, सेलच्या जवळचा. त्याला आधी मिळतंय ना.’ बल्ब वीज खाऊन टाकतो आणि उरलेली पुढच्याला देतो, असं त्यांच्या मनात असतं. जेवणाच्या पंगतीत शेवटच्याला खिचडी कमी येते, तोच हिशोब त्यांनी इथं लावलेला असतो, आणि तो काही बावळटपणाचा नाही.

मग जोडा. दोन्ही सारखेच पेटतात. आता वर्गात गलका होईल, होऊ द्या. टीव्हीची वेळ आत्ता आली. लॅपटॉप टीव्हीला जोडून त्यावर फेट (PhET) नावाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, उघडा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात बोल्डर इथं २००२ साली कार्ल वायमन यांनी हा प्रकल्प सुरू केला, त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. सिम्युलेशन्स फुकट आहेत, त्यातली बरीच मराठीत आहेत, आणि एकेक फाइल उतरवून ठेवली की नेट नसतानाही ब्राउझरमध्ये चालते. तुमच्याकडच्या लाइटीचं आणि रेंजचं बघता ही शेवटची गोष्ट सगळ्यात कामाची. त्यात विद्युत परिपथ जोडायचं एक सिम्युलेशन आहे. तारेतले इलेक्ट्रॉन निळ्या गोळ्यांसारखे सरकताना दिसतात, आणि बल्बाच्या अलीकडे नि पलीकडे त्यांचा वेग सारखाच असतो. बल्बानं विद्युतधारा खाल्लेली नाही, हे खऱ्या तारेत कधीच दिसलं नसतं. शॉर्ट सर्किट केलं तर पडद्यावर सेलला आग लागते, तेही खऱ्या सेलवर लेकरांना करू देता येत नाही. एवढं मात्र सांगा की गोळ्या हे चित्र आहे, खरे इलेक्ट्रॉन असे निळे नसतात.

माऊस तुमच्या हातात नको. दोघं-दोघं पुढे येतील, बाकीचे सांगतील तसं करतील. आणि क्रम उलटा करू नका. आधी पडदा दाखवला तर हातातले बल्ब केवळ पडद्याची नक्कल होतात, त्यात कुणाला काही शोधायचं राहत नाही.

आता ती मुलगी. पहिलं काम डिजिटल नाही. तिच्या डोळ्यांची तपासणी शेवटची कधी झाली ते बघा आणि गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना तिच्यासाठी मुद्दाम बोलावून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अल्पदृष्टी स्पष्टपणे धरलेली आहे. मोठ्या अक्षरांतली पाठ्यपुस्तकं समग्र शिक्षा अभियानातून मिळतात, ती मागावी लागतात, आणि मागणी लेखी द्या. तोंडी मागणी कुठं जाते ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्यानंतर दोनपैकी एक टॅब तिचा. ‘एका मुलीला अख्खा टॅब?’ असं कुणी म्हणेल. बाकी ३० लेकरांना खोलीच्या मागच्या टोकावरून फळा दिसतो, तिला दिसत नाही, एवढंच उत्तर पुरे. टीव्हीवर जे दाखवणार ते तिच्या टॅबवर आधीच उतरवलेलं हवं, म्हणजे ती ते नाकाजवळ धरून बघेल. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये सुलभतेचा विभाग असतो. तिथं मॅग्निफिकेशन सुरू करा, रंग उलटे करून बघा. काळ्यावर पांढरं अक्षर कित्येकांना सोपं जातं, पण सगळ्यांना नाही, तेव्हा तिलाच ठरवू द्या. मजकूर ऐकायचा असेल तर टॉकबॅक आहे, पण ज्याला थोडंफार दिसतं त्याला त्याचा जाच होतो, कारण बोट लागेल ते सगळं तो बोलत सुटतो. तिच्यासाठी सिलेक्ट टू स्पीक बरं, हवा तेवढाच मजकूर निवडायचा आणि ऐकायचा. मराठी आवाज एकदा उतरवून घेतला की पुढं नेट लागत नाही.

इथं एक अडचण येते जी कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत. आपल्या शिक्षकांच्या ग्रुपवर ज्या सरावपत्रिका फिरतात त्या एक तर हातानं लिहून फोटो काढलेल्या असतात, नाही तर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. डोळ्यांना दोन्ही मराठीच दिसतात. फोनच्या वाचकाला मात्र फोटोत अक्षरच सापडत नाही, आणि जुन्या फॉन्टचं तो अगम्य काहीतरी वाचतो. तिच्यासाठीचा प्रत्येक कागद युनिकोडमध्ये टाइप करायचा. हाताला सवय नसेल तर फोनच्या कीबोर्डवर माइक दाबून मराठीत बोला, तो टाइप करतो, चुका तेवढ्या दुरुस्त करा. अपूर्णांक नुसता अंकांत देऊ नका, तिरपी रेघ आली की फोन भलतंच काहीतरी वाचतो. बाजूला ‘चार भागांपैकी तीन’ असं अक्षरात लिहा. याचा फायदा तिच्यापुरता राहत नाही, ते तुमच्या लक्षात येईलच.

आलेख आणि आकृत्यांसाठी टॅब विसरा. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवा, बिंदूंच्या जागी ज्वारीचे दाणे. बोटानं आलेखाचा चढ समजतो. पडद्यावर मोठा केलेला आलेख तुकड्या-तुकड्यात दिसतो, त्याचा आकार हाती लागत नाही.

तोंडी हिशोब करणाऱ्या मुलाबद्दल तुम्ही थोडक्यात लिहिलंय, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण अशी मुलं मागे पडून सातवी-आठवीत गळतात आणि आपण म्हणतो गणित कच्चं होतं. त्याचं गणित पक्कं आहे. अडतंय ते वाचण्या-लिहिण्यापाशी. अध्ययन अक्षमता असेल किंवा नसेल, ते तपासणारे तपासतील, नोंद करून पाठवा त्याला. तोवर त्याची परीक्षा आवाजात घ्या. दुसऱ्या टॅबवर रेकॉर्डर सुरू करायचा, गणित तुम्ही वाचून दाखवायचं, त्यानं रीत बोलून सांगायची. ‘पंधरा पंचे पंच्याहत्तर, त्यातले पंचवीस गेले, पन्नास’ असं त्याचं बोलणं रेकॉर्ड झालं की दुसऱ्या दिवशी त्यालाच ते ऐकवा आणि ऐकता-ऐकता एकेक पायरी अंकांत मांडायला सांगा. शब्द नको, नुसते अंक आणि चिन्हं. बोलणं आणि लिहिणं यांच्यामधला पूल त्याला असाच बांधता येईल. वाचनासाठी गूगलचं रीड अलाँग मराठीत आहे, मूल मोठ्यानं वाचतं आणि फोन ऐकून चुकलेला शब्द दाखवतो. दिवसाकाठी थोडा वेळ पुरे.

एक गोष्ट मात्र त्याला देऊ नका: घड्याळ लावून पळवणारी गणिताची खेळ-अ‍ॅप. टिकटिक, चांदण्या, टाळ्या. ज्याला येतंय तो आणखी चांदण्या मिळवतो आणि ज्याला वाचायलाच वेळ लागतो तो दर वेळी हरतो. माझं या अ‍ॅपांशी मुळातच जमत नाही, ते सोडा, पण या मुलाच्या हातात तरी नकोच.

तांड्यावरच्या लेकरांना मराठी बोलता येते, तुम्ही ती रोज ऐकता. पण गणितावर भांडता येण्याएवढी ती आतली झालेली नसते. दोन बल्बांच्या प्रश्नावर अंदाज झाला की त्यांना त्यांच्यात गोरमाटीत वाद घालू द्या. तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. नंतर एकानं वर्गाला मराठीत सांगायचं. तांड्यावरचीच आठवी-नववीतली एखादी हुशार पोरगी असेल तर तिच्याकडून भागाकार, अपूर्णांक, क्षेत्रफळ अशा मोजक्या गोष्टी गोरमाटीत बोलून घ्या, फोनवर, मिनिटा-दोन मिनिटांच्या. हे कुठल्या पोर्टलवर मिळणार नाही, आणि तुमच्या शाळेत ते पुढची कैक वर्षं चालेल. ‘लघुत्तम सामायिक विभाज्य’ हे तर घरी मराठी बोलणाऱ्यालाही गोरमाटीइतकंच परकं आहे, तेव्हा तो शब्द सगळ्यांसाठीच शेवटी आणा, आधी दोन वेगवेगळ्या चालीनं उड्या मारणारी दोन लेकरं संख्यारेषेवर कुठं भेटतात ते खडूनं ओट्यावर करून घ्या. अपूर्णांकांसाठी फेटमध्येच एक सिम्युलेशन आहे, एकच अपूर्णांक गोलात, पट्टीत, संख्यारेषेवर आणि पाण्याच्या भांड्यात दिसतो. पाव, अर्धा, पाऊण लेकरांना चहा-साखरेच्या खरेदीतून येतंच. तेच संख्यारेषेवर कुठं बसतं हे मात्र त्यांना नवं असतं.

सगळ्या वर्गाला एकत्र धरणारी एक गोष्ट करा: पेपरात रोज येणारा जायकवाडी धरणातल्या पाणीसाठ्याचा आकडा. एका लेकरानं तो रोज वाचायचा, दुसऱ्यानं लॅपटॉपच्या तक्त्यात भरायचा, आठवड्यानं टीव्हीवर आलेख. शेकडेवारीचं प्रकरण यात अख्खं बसतं. आणि एक दिवस विचारा, शून्य टक्के झालं म्हणजे धरण कोरडं पडलं का? नाही. पेपरातली टक्केवारी जिवंत साठ्याची, म्हणजे वापरता येणाऱ्या पाण्याची, असते. नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जिवंत साठा ७६च्या आसपास, उरलेला २६ टीएमसी मृतसाठा. शून्य टक्क्यालाही एवढं पाणी तळाशी असू शकतं. टक्के म्हणजे कशाचे टक्के, हा प्रश्न पुस्तकातल्या ५० उदाहरणांनी जेवढा ठसत नाही तेवढा यानं ठसतो. एरवी मराठवाड्यातल्या लेकरांना पाण्याचा हिशोब शिकवावा लागत नाही. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, ५० वाघिणींची, म्हणजे टाकीच्या डब्यांची, गाडी, २५ लाख लिटर. एका वाघिणीत किती, माणशी २० लिटर धरलं तर किती माणसांना एक दिवस, हे तुमचा तो वही कोरी ठेवणारा मुलगा तुमच्याआधी सांगेल.

तुमच्या खिशातला फोन हे शाळेतलं सगळ्यात चांगलं विज्ञानाचं साधन आहे, टीव्हीपेक्षाही. रिमोटचं बटण दाबून त्याचं टोक फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पडद्यावर लुकलुकताना दिसेल. कॅमेऱ्याच्या भिंगावर पाण्याचा बारीक थेंब ठेवला की पानाच्या शिरा मोठ्या दिसतात, फोन तेवढा अलगद उलटा करा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे फुकट अ‍ॅप फोनमधले सेन्सर मोजायला देतं, आणि नेटशिवाय चालतं. त्यात आवाजावर सुरू-बंद होणारं घड्याळ आहे. दोन फोन १० मीटरवर ठेवायचे. पहिल्या फोनजवळ एकानं टाळी वाजवली की दोन्ही घड्याळं सुरू होतात, दुसऱ्याजवळ दुसऱ्यानं वाजवली की दोन्ही बंद. दोन घड्याळांत सुमारे ०.०५८ सेकंदाचा फरक येतो, कारण आवाजाला एकदा जायला आणि एकदा यायला, असं २० मीटर अंतर पडतं. २० ला त्या फरकानं भागा, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटरच्या जवळपास निघेल. हे मैदानात, बाकीचा वर्ग गप्प असताना करायचं. हीच ती एक वेळ जेव्हा मला तुमचा वर्ग शांत हवाय. उन्हाळ्यात पुन्हा करा, ४० अंशाला वेग ३५५च्या घरात जायला हवा. दशांश चिन्हानंतरच्या अंकांना काय किंमत असते ते त्या दिवशी कळतं.

केंद्रप्रमुखांना टीव्ही चालू असल्याचा फोटो हवा असतो, तो द्या. जमलं तर पुढच्या शिक्षण परिषदेत त्यांच्याचसमोर दोन बल्बांचा प्रश्न विचारा आणि बोटं दाखवायला सांगा. शिक्षकांचीही बोटं बघण्यासारखी असतात.

राहिली कारखान्यावर जाणारी लेकरं. हा प्रश्न कुठलंही अ‍ॅप सोडवत नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर त्यानं कोपी, म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी, आतून बघितलेली नाही. लेकरू थांबू शकत असेल तर हंगामी वसतिगृहच बरं, आजी-आजोबांशी बोलून बघा. जाणारंच असेल तर शिक्षण हमी पत्रक हातात देऊन पाठवा, तिकडच्या शाळेत ते दाखवता येतं. दिवसभर फोन बापाच्या खिशात, उसाच्या फडात असतो, रात्री कोपीत त्याला चार्जिंग असेलच असं नाही. म्हणून व्हिडिओच्या लिंक पाठवून उपयोग नाही. दसऱ्याआधी ज्यांच्या घरच्या फोनला मेमरी कार्ड लागतं त्यात पाच-सहा छोटे व्हिडिओ आणि तुमच्या आवाजातली गणितं भरून द्या, आणि ती फाइल कुठं सापडते ते लेकराकडूनच शाळेत उघडून घ्या. पुढं आठवड्याला एक आवाजी निरोप, मिनिटाच्या आतला, एकच प्रश्न.

प्रश्न मात्र तिथला असू द्या. कारखान्याच्या वजनकाट्याची पावती तिथल्या प्रत्येक लेकरानं बघितलेली असते. समजा भरलेली गाडी ३.४२० टन, रिकामी ०.७८० टन. ऊस किती? २.६४० टन. त्यात किलो किती? एका मोळीचं वजन अंदाजे धरलं तर मोळ्या किती? टनाचा दर त्यांना पाठ असतोच, मग आजची मजुरी किती आणि एका कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीच्या, वाट्याला किती? उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, फिटायला अशा किती खेपा? पावतीचा फोटो मागवलात तर नाव आणि गाडी नंबर झाकायला सांगा, आणि तो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू नका. उत्तर आवाजात आलं तरी चालेल, उशिरा आलं तरी चालेल, आणि मायनं सांगितलेलं असलं तरी चालेल.

गावात राहिलेल्या निम्म्या वर्गाला त्याच पावतीवर गणितं घालायला सांगा. ती गणितं कारखान्यावर जातील, तिकडची उत्तरं इकडे येतील. एप्रिलमध्ये लेकरं परत आली की पहिल्याच दिवशी लेखी चाचणी नको, टॅबवर रेकॉर्डर लावून प्रत्येकाला पाच मिनिटं बोलतं करा. बहुतेकांना दशांशांची वजाबाकी येत असेल आणि क्षेत्रफळ राहिलेलं असेल, तर क्षेत्रफळापासून सुरुवात करा. निरोप रात्री आठनंतर पाठवा, त्याच्याआधी फोन फडातून आलेला नसतो.